भरलंय की कोरडं

एदेल्मिराने केस सरळ करून घेतले ही बातमी घरात सगळ्यांत शेवटी ओनेल्योला कळली, आणि लागली मात्र सगळ्यांत जास्त त्यालाच. रविवारी सकाळी तो नेहमीसारखा स्वयंपाकघरातल्या आपल्या खुर्चीवर बसला, कॉफीचा पहिला घोट घेतला, चुलीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बायकोच्या मानेकडे पाहिलं, आणि घोट तसाच तोंडात राहिला. पन्नास वर्षं त्या मानेवर कुरळ्या केसांचं रान माजलेलं असायचं. आज तिथे एक सपाट, चकचकीत, करडा पडदा लोंबत होता.

"कसे दिसतात?" एदेल्मिराने मागे न वळता विचारलं.

ओनेल्योने घोट गिळला. "कुणी केलं हे?"

"शेजारच्या माग्दिएलाने, काल दुपारी. रात्रभर रुमाल बांधून झोपायला सांगितलं होतं, म्हणून तुला दिसले नाहीत. औषध नील्साने आणलंय बासेलहून, आपल्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट. पाऊस पडो, वाफ लागो, केस म्हणे जागचे हलणार नाहीत."

"किती दिवस?"

"चार महिने."

"चार महिने," ओनेल्यो म्हणाला आणि कप बशीत ठेवायला गेला तो बशीच्या बाहेर ठेवला.

त्यांची मुलगी नील्सा दारातच उभी होती. सासरी, परदेशातल्या बासेलमध्ये, दुकानात तासभर उभं राहून तिने ती बाटली निवडली होती, विमानतळावर तिच्यासाठी भांडली होती. बाप दोन शब्द बरे बोलेल एवढीच तिची अपेक्षा होती. "बाबा, आई दहा वर्षांनी लहान दिसते की नाही?"

"दिसते," ओनेल्यो म्हणाला. "पण आजच कशाला? उद्या केले असते. मंगळवारी केले असते."

"वाढदिवस आज आहे."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून तो उठला आणि परसात निघून गेला. नील्साच्या डोळ्यांत पाणी आलं. एदेल्मिरा मात्र त्याच्या पाठीकडे पाहत गालातल्या गालात हसली आणि तिने दुधाखालचा जाळ कमी केला.

गुरुवारच्या जेवणात लागलेल्या पैजेचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. तिला कारण झालं होतं कोठी. घराच्या मागच्या अंगाला देवदाराच्या फळ्यांनी आतून मढवलेली ती अंधारी खोली. दोन माणसं वाकून उभी राहतील एवढीच. घरच्या मळ्यातले, घरी वळलेले सिगार तिथे मुरत पडलेले असत. किल्ली ओनेल्योच्या गळ्यात. डिसेंबरात त्याचा मुलगा रिगोबेर्तो याला खालच्या फळीवरच्या अकरा सिगारांवर पांढरी बुरशी सापडली. तेव्हापासून रिगोने एकच धोशा लावला होता: बाबांची बोटं थकली, आता किल्ली माझ्याकडे द्या.

बोटांचं म्हणाल तर त्या बोटांचा क्यूबातल्या आमच्या सान हुआन गावात दबदबा होता. ओनेल्यो कोठीचं दार उघडी, आत हात घाली, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळी आणि तीनपैकी एक शब्द बोले. भरलंय, बरोबर, किंवा कोरडं. भरलंय म्हणाला की दार तासभर उघडं ठेवायचं. कोरडं म्हणाला की ओल्या फडक्याची घडी कोपऱ्यात ठेवायची. पानं वाळवायच्या कोठारातही त्याचाच शब्द चाले. दांड्यांवर टांगलेली पानं कडक वाळली की त्यांना हात लावायची सोय नसते, नुसता चुरा होतो. सकाळची ओल धरून ती मऊ पडण्याची वाट बघावी लागते. त्या मऊ घटकेला आम्ही ब्लांदुरा म्हणतो. ती कधी आली हे ओनेल्यो स्वयंपाकघरात बसल्या जागी सांगत असे. शेजारचे मळेवाले कॉफीच्या निमित्ताने सकाळी सकाळी त्याच्याकडे डोकावून जात, ते कॉफीसाठी नव्हे.

त्यात गुरुवारी जावई आला. उर्सचं बासेलला सिगारांचं दुकान आहे. माणूस अबोल, टक्कल गुळगुळीत, आणि खिशात एक गोल यंत्र. हवेतली ओल टक्क्यांत दाखवणारं. घरात कुणीही त्याला यंत्र म्हटलं नाही, सगळे म्हणाले उर्सचं घड्याळ.

"पासष्ट टक्के," उर्स म्हणाला होता. "ठेवायलाही आणि ओढायलाही. फार तर सदुसष्ट. सत्तरच्या वर गेलं की बुरशी आलीच समजा, साठच्या खाली सिगार चुरचुरतो."

"जावईबापू, तुमच्या त्या पासष्टाचा वास कसा असतो?" ओनेल्योने विचारलं होतं.

"पासष्टाला वास नसतो, बाबा."

"मग उपयोग काय त्याचा?"

टेबल हसलं. रिगो हसला नाही. त्याने तिथल्या तिथे पैज मांडली. शनिवारी संध्याकाळी घड्याळ कोठीत ठेवायचं, कुलूप लावायचं. रविवारी जेवणाआधी, सगळ्या नातेवाइकांसमोर, ओनेल्योने तीनपैकी एक शब्द बोलायचा. मग काटा पाहायचा. जमलं तर रिगो मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर किल्ली रिगोची. ओनेल्योच्या पोटात तोवर तीन पेले रम गेली होती. तो म्हणाला, "डोळे बांधून सांगतो."

एवढा भरवसा त्याला का होता, हे आता सांगून टाकलेलं बरं. ओनेल्योच्या बोटांत काहीही नव्हतं. कधीच नव्हतं. जे काही होतं ते एदेल्मिराच्या केसांत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात त्याच्या लक्षात आलं की उत्तरेचा कोरडा वारा सुटला की बायकोच्या मानेवरचे केस लांब आणि गरीब होतात, आणि हवेत ओल भरली की गुंडाळून वर चढतात. पाव इंच वर चढले की ब्लांदुरा. अर्धा इंच चढले की कोठीला हवा द्यायची वेळ झाली. कोठीची परीक्षा घ्यायची तर तो म्हणे, "म्हातारे, जरा खालच्या फळीवरचे सिगार मोजून ये बरं." ती वाकून आत शिरे, सावकाश मोजून बाहेर येई, तोवर केसांनी निकाल दिलेला असे. मग हात आत घालून बोटं चोळायची ती केवळ शोभेसाठी. डिसेंबरात बुरशी आली त्याचंही कारण हेच. एदेल्मिरा महिनाभर बहिणीच्या आजारपणात पिनारला राहिली होती.

परसात खड्ड्यात डुक्कर भाजत होतं. रिगो पहाटेपासून त्याच्यापाशी बसून आंबट नारंगीचा रस आणि लसूण शिंपडत होता, म्हणजे निदान तासभर तरी तिथून हलणार नव्हता. ओनेल्योने ते पाहून घेतलं आणि तो स्वयंपाकघरात परतला.

"म्हातारे, खालच्या फळीवरचे जरा मोजून येतेस?"

"आज?" एदेल्मिराने विचारलं. "घड्याळ ठेवलंय ना आत?"

"घड्याळाला हात लावू नकोस, बघूही नकोस. नुसते मोज."

तिने हात पुसले, किल्ली घेतली आणि गेली. बाहेर आली तेव्हा तो दाराशीच उभा होता. "एकशे चाळीस," ती म्हणाली आणि दिव्याखाली येऊन मुद्दाम उभी राहिली. त्याने मानेकडे पाहिलं, कानशिलांकडे पाहिलं, मागे फिरून पुन्हा मानेकडे पाहिलं. एक केस हलला नव्हता.

"काही हरवलं का तुझं?"

"नाही," ओनेल्यो म्हणाला. "एकशे चाळीस. ठीक आहे."

मग त्याने घरातल्या बाकीच्या डोक्यांचा हिशेब घेतला. नील्साचे केस कानापर्यंत कापलेले आणि वर्षातून सहा वेळा रंगवलेले, त्यांच्यात जीव उरला नव्हता. रिगोचे मशीन फिरवलेले. जावयाकडे तर बघण्यासारखं काहीच नव्हतं. राहिली यानेलिस, रिगोची मुलगी. सव्वीस वर्षांची, कोठारात सहा वर्षं पानं निवडण्याचं काम करणारी, आणि डोक्यावर हुबेहूब आजीचं रान असलेली. ती विहिरीच्या कठड्यावर नखं रंगवत बसली होती. ओनेल्यो लगबगीने तिच्यापर्यंत पोहोचला आणि तिथेच थबकला. तिने सगळे केस जेवणासाठी रुळांवर गुंडाळून ठेवले होते.

"त्यातला एखादा रूळ सोडशील का गं?"

"का?"

"सहज. मानेजवळचा."

"आजोबा, कडक बसावेत म्हणून सकाळी बिअर लावून बसवलेत. आता सोडला तरी फणी लावेपर्यंत केस लाकडासारखा ताठ राहील." मग तिने ब्रश बाटलीत ठेवला. ती सकाळपासून बघत होती. आजोबा आजीभोवती दोनदा फिरले, आत्याचं डोकं निरखून गेले, उर्सकाकांच्या टकलाकडे बघून त्यांनी उसासा टाकला. "काय शोधताय तुम्ही? खरं सांगा, नाहीतर बाबांना हाक मारते."

ओनेल्योने खरं सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. सांगताना तो तिच्या ओल्या नखांकडे बघत होता. यानेलिस आधी हसली, मग हसता हसता कठड्यावरून खाली गवतात बसली आणि नखांचा रंग झग्याला लागला.

"म्हणजे एवढी वर्षं अख्खा गाव आजीच्या डोक्यावर चाललाय?"

"हळू बोल."

"आणि आजीला माहीत नाही?"

"तिला वाटतं मी मोजणीवर नजर ठेवतो. यानेलिस, किल्ली गेली तर मी उद्यापासून काय करू? तुझा बाप मला बागेत खुर्ची टाकून देईल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल, हे बसलेत ते माझे वडील." हे ऐकून यानेलिसचं हसणं थांबलं.

तिची स्वतःचीही एक भानगड होतीच. नील्साआत्या आणि बाबा यांचं महिनाभर फोनवर ठरत आलं होतं की यानेलिसने बासेलला जावं, उर्सच्या दुकानात गल्ल्यावर उभं राहावं. कोठारात बाईमाणसाने पानं निवडावीत, फार तर वळावीत. कधी उतरवायची हे ती कशी सांगणार? तिला विचारलं कुणीच नव्हतं. ती उठली आणि तिने झगा झटकला.

"किल्ली द्या."

"केस तर बांधलेत."

"बोटं मोकळी आहेत ना."

"बोटं?" ओनेल्यो घाबरला. "बोटांवर कुणी भरवसा ठेवतं का?"

यानेलिसने हात पुढे केला. मग तिने किल्ली घेतली, आत गेली, घड्याळाकडे पाठ करून मधल्या फळीवरचा एक सिगार उचलला, टोकाशी हलकेच दाबला, कानाशी नेला, पुन्हा दाबला. खालच्या फळीवरचाही तसाच पाहिला. बाहेर आली. "भरलंय. दाबलं की दबतोय, पण परत वर यायला वेळ लावतोय. आवाज तर अजिबात नाही."

"नक्की?"

"तुमच्याकडे दुसरं कुठलं डोकं आहे का विचारायला?"

"नाही."

"मग नक्की. आणि जिंकलात तर उद्या कोठारात पानं उतरवायची की नाही, हे मी सांगणार. सगळ्यांसमोर, मोठ्याने."

ओनेल्योने मान हलवली. त्या वेळी तो कशालाही मान हलवायला तयार होता.

बारा वाजता आंब्याखालची टेबलं भरली. युकाच्या कंदांवर लसणाचा गरम रस्सा पडला, काळा घेवडा घातलेल्या कोंग्री भाताचं पातेलं आलं, डॉमिनो खेळणाऱ्यांनी सोंगट्या बाजूला सारल्या. रिगोने हात धुतले आणि तो कोठीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हा क्षण त्याने गेले तीन महिने मनात रंगवला होता. त्याच्या मनात बापाबद्दल राग नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला तरी शेजारी त्याला अजून "ओनेल्योचा पोरगा" म्हणत, आणि पानं उतरवायची वेळ झाली का हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच होतं. पण तेवढं पुरेसं होतं.

"डोळे बांधून, असं ठरलंय," त्याने आठवण करून दिली.

नील्साने जेवणाचा रुमाल बापाच्या डोळ्यांवर बांधला. गाठ जरा जास्तच आवळली, सकाळचं ती विसरली नव्हती. ओनेल्योने हात आत घातला, अंगठा आणि तर्जनी चोळली. इतकं सावकाश त्याने आजवर कधी चोळलं नव्हतं. यानेलिस त्याच्या उजवीकडे उभी होती, तिने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"भरलंय," ओनेल्यो म्हणाला.

रिगोने आत वाकून घड्याळ बाहेर आणलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. "पासष्ट. टेकून पासष्ट. म्हणजे बरोबर आहे, भरलेलं नाही." त्याने तळहात पुढे केला. आता आनंद व्हायला हवा होता. रुमाल अजून डोळ्यांवर असलेला बाप गळ्यातली दोरी चाचपत होता, ती कानात अडकली होती, आणि कुणीच त्याला मदत करत नव्हतं. रिगोला एकाएकी जेवण नकोसं झालं.

"थांबा," उर्स म्हणाला.

उर्सने घड्याळ हातात घेतलं होतं. त्याच्या काचेवर टिचकी मारून तो कपाळाला आठ्या घालून उभा होता. नील्साने त्याच्या पोटरीवर लाथ मारली. तिला माहीत होतं हा माणूस आता खरं बोलणार, आणि भावाशी महिनाभर फोनवर केलेली सगळी बांधणी कोसळणार. उर्सने पाय बाजूला घेतला.

"हे पासष्ट दाखवतंय. पण काल स्वयंपाकघरातही पासष्टच दाखवत होतं. गुरुवारी विमानतळावरही. मला वाटलं, क्यूबा असेल असा." त्याने घड्याळ उलटं केलं, हलवलं. काटा पासष्टावरच होता. "बासेलला मी ओल्या मिठाबरोबर बरणीत घालून तपासलं होतं, तेव्हा दाखवायला हवं तसं पंचाहत्तर दाखवलं. वाटेत कुठेतरी अडकलं. हे बंद पडलंय, रिगो. मला माफ करा सगळ्यांनी."

"बंद घड्याळ दिवसातून दोनदा तरी बरोबर असतं," डॉमिनोच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. "हे तर तेवढंही नाही."

"मग आता ठरवायचं कसं?" रिगोने विचारलं. हात मात्र त्याने खाली घेतला होता.

"ओढून," एदेल्मिरा म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. ती उठली, कोठीत गेली आणि मधल्या फळीवरचा एक सिगार घेऊन आली. "तीस माणसं जमली आहेत, पैजा लागतायत, घड्याळं येतायत. सिगार हा ओढायचा असतो हे एकालाही सुचलं नाही." तिने टोक दातांनी तोडलं, काडी लावली, गोल फिरवत पेटवला आणि खुर्चीत टेकून ओढू लागली. लग्नाआधी ती कारखान्यात सिगार वळत होती, दिवसाला शंभर. तिने ओढलेला सिगार म्हणजे परीक्षेचा पेपर होता. पहिल्या चार झुरक्यांतच सिगार एका बाजूने जळत गेला आणि दुसरी बाजू काळी तशीच राहिली. पाचव्या झुरक्याला तो विझला. तिने पुन्हा पेटवला, गाल आत ओढून जोर लावला, धूर आला तो थोडा आणि कडवट. तिसऱ्यांदा विझला तेव्हा तिने तो उर्सच्या हातात दिला.

उर्सने एक झुरका घेतला. "सत्तरच्या वर," तो म्हणाला. "बहात्तर असेल."

"ते टक्के तुझे तुझ्यापाशी ठेव, बाळा. भरलंय. मुरायला ही हवा एकवेळ चालेल, बुरशीवर डोळा ठेवून. ओढायला नाही. आज ज्याला ओढायचा असेल त्याने आपला सिगार आधीच दोन-तीन दिवस बाहेर कागदात ठेवायला हवा होता. मुरण्याची हवा वेगळी, ओढण्याची वेगळी, हे बासेलला माहीत नाही का?"

"मला नव्हतं," उर्स म्हणाला आणि त्याने खिशातून वही काढली.

मग गलका झाला. कुणी ओनेल्योच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला, कुणी त्याच्या हाती पेला दिला. "घड्याळ हरलं, बोटं जिंकली," असं एक पुतण्या ओरडत सुटला. रिगो पुढे आला. त्याने बापाचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "बाबा, चुकलं माझं. ही बोटं असेपर्यंत किल्लीचं नाव काढणार नाही." त्याचे डोळे भरून आले होते. ओनेल्योने त्या हातांकडे पाहिलं, मग यानेलिसकडे. ती आपली नखं बघत होती.

"ओनेल्यो," एदेल्मिरा खुर्चीतूनच म्हणाली, "एक सांग. आज कसं कळलं तुला?"

"काय?"

"भरलंय ते. माझे केस तर बासेलच्या औषधात झोपलेत."

रिगोने बापाचा हात सोडला नाही, पण पकड सैल झाली.

"तुला माहीत होतं?" ओनेल्योने विचारलं.

"तिसऱ्या वर्षापासून." तिने विझलेला सिगार उर्सकडून परत घेतला आणि बोटांत फिरवला. "पहिली दोन वर्षं मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर केवढा जीव टाकतो. रोज सकाळी कॉफीच्या आधी माझ्याकडे बघतो. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मी लाजायचे. दोन वर्षं लाजले मी. तिसऱ्या वर्षी एक दिवस जोराचा कोरडा वारा सुटला होता. तू माझ्याकडे बघितलंस, टोपी खुंटीवरून काढली होतीस ती परत अडकवलीस आणि म्हणालास, आज पानं नाही उतरायची. तेव्हा कळलं मला, बघणं कशासाठी होतं ते."

नील्साने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग बोलली का नाहीस, म्हातारे?"

"कशाला बोलू? गाव तुला विचारायला यायचं, तुझी मान ताठ व्हायची, मला ते आवडायचं. मोजते म्हणून आत जायचे आणि नीट उभी राहायचे, केसांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून. एकशे चाळीस मोजायला एवढा वेळ लागतो का कुणाला?" ती थोडी थांबली. "पण पन्नास वर्षं झाली. नील्साने बाटली दाखवली तेव्हा म्हटलं, एक दिवस बघू या. हवा बघायची सोय नसली तर हा माणूस माझ्याकडे बघतो का. तर सकाळी तू बघितलंस आणि घाबरलास."

गळ्यातली दोरी ओनेल्योने कशीबशी डोक्यातून काढली. रिगोचा हात अजून तिथेच होता, तो त्याने बाजूला सारला. "ही बोटं काही कामाची नाहीत, रिगो. आजही नव्हती. शब्द यानेलिसचा होता, तिने दाबून पाहिलं." त्याने किल्ली नातीच्या हातात दिली. "गल्ल्यावर दुसरा कुणीतरी उभा करा, जावईबापू. उद्या सकाळी कोठारात ही सांगेल ते व्हायचं."

"मी?" यानेलिस म्हणाली. एवढं तिने मागितलं नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं. रिगोच्या चेहऱ्यावर एकामागून एक बरंच काही येऊन गेलं. तीन महिने ज्या किल्लीसाठी तो भांडला ती त्याच्या डोळ्यांदेखत त्याला ओलांडून पुढे गेली होती.

"चार महिने," एदेल्मिराने मध्येच निकाल दिला. "चार महिने हिच्याकडे. मग माझे केस कामावर परत आले की बघू. आणि रिगो, तोंड पाडू नकोस. पहिलं दार उघडायला तूच जा तिच्याबरोबर. दार उघडं ठेवा, सगळा माल खाली घ्या, हवा लागू दे."

रिगो मुलीच्या मागून कोठीकडे गेला. आतून दोघांचे आवाज येऊ लागले, आधी भांडणाचे, मग फळ्या सरकवल्याचे. माणसं ताटांकडे वळली. उर्स वहीत लिहीत राहिला आणि नील्साने त्याच्या पुढ्यात मांस वाढलं, लाथेची भरपाई म्हणून.

ओनेल्यो मात्र बायकोच्या खुर्चीशी तसाच उभा होता. आता त्याच्या गळ्यात किल्ली नव्हती आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

"घाबरलो ते हवेसाठीच," तो हळूच म्हणाला. "खोटं बोलत नाही."

"माहीत आहे मला."

"पण सकाळपासून बघतोय. कोठीतून आलीस तेव्हा मागून पुढून बघितलं. पायरीवर बसली होतीस तेव्हाही बघितलं. केसांत काही म्हणजे काही दिसेना." त्याने वाकून बोट तिच्या डाव्या कानाकडे नेलं, पण लावलं नाही. "तुझ्या कानामागे तीळ आहे."

एदेल्मिराने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "जन्मापासून आहे तो."

"असेल," ओनेल्यो म्हणाला. "बघताना मधे हवा यायची."